पाळकसाहेब, जेवलात का?

मागच्या मे महिन्यातली गोष्ट. नवतपा चालू होता. बाहेरच्यांसाठी सांगते, २५ मे च्या आगेमागे सुरू होणारे ते नऊ दिवस, ज्यात नागपुरात सकाळी नऊ वाजताच टाकीचं पाणी हाताला चटका देतं आणि दुपारी रस्त्यावर फक्त तोंडाला दुपट्टा गुंडाळलेली माणसं दिसतात, ती पण नाइलाजानं बाहेर पडलेली. त्या आठवड्यात आमच्या मंडळीतली, म्हणजे आमच्या चर्चमधली, तीन माणसं गेली. उन्हाळ्यात म्हातारी माणसं जातात, कूलर चालू असला तरी जातात. तिसऱ्या आजीचा मुलगा बंगलोरहून यायचा होता, त्याची फ्लाइट लेट झाली, म्हणून जरीपटक्याच्या कब्रस्तानात पोचता पोचता दुपारचे साडेतीन वाजले.

पाळकसाहेब, म्हणजे आमच्या चर्चचे पाद्री, पांढऱ्या झग्यात. आत फुल शर्ट, वर झगा, त्यावर पट्टा, पायात काळे बूट. आम्ही सगळे हळूहळू सरकत सरकत कडुनिंबाच्या सावलीत गेलो आणि ते एकटे कबरीच्या डोक्याशी उभे, कारण पाळकाला सावलीत उभं राहून दफनविधी करता येत नाही, म्हणजे तसा काही नियम नाही पण तसं कुणी करत नाही. विधी झाला, मूठभर माती टाकायला ते खाली वाकले आणि वाकले ते उठलेच नाहीत. लोकांना वाटलं प्रार्थना करून राहिले. दोघातिघांनी तर डोळे पण मिटले. मी जरा पुढे होते म्हणून मला त्यांचा हात दिसला, फावड्याच्या दांड्याला घट्ट धरलेला आणि थरथरणारा.

मग पाणी, मीठ-साखर, कुणाच्या तरी पर्समधलं इलेक्ट्रॉल. त्यांची स्कूटर तिथेच ठेवली आणि मी त्यांना माझ्या गाडीत घातलं, एसी फुल केला. पाच मिनिटं कोणी काही बोललं नाही. मग ते म्हणाले, "ताई, एक सांगू? चक्कर उन्हानं नाही आली. म्हणजे उन्हानं पण आली असेल. पण तीन आठवडे झाले, मी स्वतःसाठी प्रार्थनाच केली नाही. लोकांसाठी करतो, ती येते तोंडात, सवयच आहे. घरी एकटा बसलो की काहीच येत नाही. असं वाटते का मी फक्त बोलून राहिलो."

हा माणूस चौतीस वर्षांचा आहे. दोन लेकरं. आवाज असा की मागच्या बाकावरच्या कमी ऐकू येणाऱ्या काकूंना पण कळतं.

मी तोंड उघडलं. आपण चर्चची माणसं अशा वेळी जे बोलतो ते सगळं जिभेवर तयार होतं, प्रभू सामर्थ्य देईल, परीक्षेचा काळ आहे, आम्ही तुमच्यासाठी प्रार्थना करतोय. आणि मला एकदम लक्षात आलं की ही वाक्यं तर याचीच आहेत, आम्ही यांच्याकडूनच शिकलो, दर आठवड्याला हेच वाक्य हा माणूस मेडिकलच्या वॉर्डात आणि मेयोच्या वॉर्डात आणि कुणाच्या तुटायला आलेल्या संसारात वाटत फिरतो. त्याचंच दळण त्यालाच परत कसं देऊ? मी तोंड मिटलं आणि गाडी पार्सनेजकडे, म्हणजे पाळकांना राहायला दिलेल्या घराकडे, न नेता मानकापूरला वळवली, माझ्या आईवडिलांच्या फ्लॅटवर.

इथे थोडं माझ्याबद्दल. मी पाळकाची मुलगी आहे. पप्पा एकतीस वर्षं सेवेत होते, सात बदल्या, सगळ्या विदर्भातच, त्यामुळे माझ्या शाळेच्या दाखल्यांची फाइल माझ्या डिग्र्यांपेक्षा जाड आहे. मी स्वतः शाळेत शिकवते आणि तीन वर्षं आमच्या मंडळीच्या कमिटीत खजिनदार होते. म्हणजे टेबलाच्या दोन्ही बाजूंना बसून झालंय माझं. आणि जी बाजू मला नंतर मिळाली त्या बाजूला बसून मी काय केलं ते पुढे सांगते, सांगायला लाज वाटते पण सांगते.

पप्पांनी दार उघडलं, आमच्या दोघांकडे बघितलं. "या साहेब" म्हणाले. मी घाईघाईनं सगळं सांगायला लागले, कब्रस्तान, चक्कर, प्रार्थना येत नाही वगैरे. पप्पांनी ते अर्धवट ऐकलं आणि त्यांना एकच विचारलं, "जेवलात का?"

नव्हते जेवले. सकाळी सहाला चहा-बिस्किट, मग आजीच्या घरी, मग शवपेटीचं, मग फुलांचं, मग फ्लाइट लेट.

मम्मीनं ताट वाढलं. आंब्याचा रस, पोळ्या, कुरड्या, वरण-भात, वर कांदा. ते नाही नाही म्हणत होते, आणि मग असे जेवले की मम्मी दुसऱ्यांदा रस काढायला उठली. मग पप्पांनी दुसरा प्रश्न विचारला, "झोप किती तास होते?" उत्तर ऐकून काही बोलले नाहीत, आतल्या खोलीत कूलरसमोर गादी टाकून दिली. मम्मीनं त्यांचा मोबाइल हातातून घेतला, सायलेंट केला आणि गव्हाच्या डब्यात ठेवला. खरंच गव्हाच्या डब्यात. साडेपाचला झोपलेला माणूस रात्री पावणेदहाला उठला. तोवर एकवीस मिस्ड कॉल आले होते. त्यातले बरेचसे दुसऱ्या दिवशीच्या सांत्वन सभेची वेळ विचारायला होते, जी वेळ व्हॉट्सअॅप ग्रुपवर आधीच टाकलेली होती.

तो झोपलेला असताना पप्पा आणि मी गॅलरीत बसलो. मी म्हटलं, पप्पा, तुम्ही त्याला काही बोलला नाहीत. दोन शब्द तरी. पप्पा म्हणाले, "एलीयाला काय बोलला देवदूत?"

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. एलीया हा जुन्या करारातला संदेष्टा. कर्मेल डोंगरावर त्याचा केवढा मोठा विजय झाला, आकाशातून अग्नी पडला, आणि लगेच दुसऱ्या दिवशी राणी ईजबेलीनं एक धमकी पाठवली तर हा पळाला. बैर-शेब्याच्या पुढे रानात एक दिवसाची वाट चालून गेला, एका झुडपाखाली बसला आणि म्हणाला, पुरे आता देवा, माझा जीव घे. आणि झोपून गेला. मी ही गोष्ट संडे स्कूलपासून ऐकतेय, शंभर वेळा ऐकली असेल, पण पप्पांनी त्या दिवशी बोटं मोजून सांगितली. "बघ. देवदूत आला, पहिले उठवून खायला घातलं. निखाऱ्यावर भाजलेली भाकर आणि पाण्याचं भांडं. आपला रोडगाच म्हण ना. खाल्लं, परत झोपला. देवदूतानं परत उठवलं, परत खाऊ घातलं. काऊन? तर पुढची वाट मोठी आहे म्हणून. मग तो होरेब डोंगरापर्यंत चालला, चाळीस दिवस. आणि तिथे गेल्यावर देवानं विचारलं, एलीया, तू इथे काय करून राहिला? म्हणजे प्रश्न चाळीस दिवसांनी. आधी दोनदा जेवण आणि दोनदा झोप. आपण काय करतो? माणूस झुडपाखाली पडला का पहिले प्रश्न विचारतो, मग उपदेश, मग कमिटीची मीटिंग."

विदर्भातल्या माणसाला रोडगा समजावून सांगायची गरज नाही, पण गोवऱ्यांच्या निखाऱ्यात भाजलेला तो कणकेचा गोळा, राख झटकून फोडायचा आणि तुपात बुडवायचा, तो आठवला आणि एलीया मला पहिल्यांदाच ओळखीचा माणूस वाटला. काटोल रोडला कुणाच्या तरी शेतात बसलेला, थकलेला, केसात राख.

आता पाळकाचा आठवडा. हे बऱ्याच लोकांना माहीतच नसतं, लोकांना वाटतं रविवारी दीड तास आणि नाताळात जरा धावपळ. रविवारी मराठी उपासना, मग हिंदी, कारण नागपुरात अर्धी मंडळी घरी हिंदी बोलते. मग आजारी माणसांच्या घरी प्रभुभोजन घेऊन जायचं. बुधवारी घरोघरची प्रार्थना सभा, शुक्रवारी उपास-प्रार्थना, शनिवारी तरुण संघ आणि क्वायरची प्रॅक्टिस ज्यात कीबोर्डवाला आणि तबलेवाला एकमेकांशी बोलत नाहीत. दृढीकरणाचा क्लास. लग्नं, आणि लग्न म्हणजे नुसता आशीर्वाद नाही, १८७२ चा ख्रिस्ती विवाह कायदा आहे, त्याप्रमाणे नोटीस, रजिस्टर, सह्या, एक अक्षर चुकलं तर पुढे पासपोर्टच्या वेळी ते जोडपं परत दारात. जूनमध्ये अॅडमिशनसाठी बाप्तिस्म्याचे दाखले, सगळ्यांना आजच पाहिजे. चर्चच्या जागेच्या केसची तारीख असेल तर कोर्टात जाऊन बसायचं, ख्रिस्ती मंडळींच्या जमिनींचे वाद किती वर्षं चालतात ते आपल्यातल्या कुणाला सांगायला नको. पाळकानं धर्मशास्त्राच्या कॉलेजात ग्रीक शिकलेलं असतं आणि आयुष्य जातं सातबाऱ्यावर.

यात आता मोबाइल आला. आमच्या ग्रुपवर रोज सकाळी कुणी तरी दूर कुठल्या मोठ्या शहरातल्या मोठ्या प्रचारकाचा व्हिडिओ टाकतं, स्टेज, लाइट, हजारो लोक, आणि खाली लिहितं, असा संदेश पाहिजे. हे पाळकसाहेब पण वाचतात ना. त्यांना कुणी उद्देशून लिहिलेलं नसतं आणि तरी ते त्यांच्यासाठीच असतं. लॉकडाउनमध्ये आम्ही पण यूट्यूबवर उपासना सुरू केली, तेव्हा ती गरजच होती, पण ती सवय राहिली आणि आता कमिटीत एक जण दर महिन्याला व्ह्यूज वाचून दाखवतो. मागच्या महिन्यात चौऱ्याऐंशी. त्यातले पाच-सहा तर मीच असेन, आवाज नीट येतो का बघायला. ज्या आजीला आम्ही त्या उन्हात माती दिली तिच्या उशाशी हा माणूस अकरा रात्री जाऊन आला होता, एक एक तास. त्याचे व्ह्यूज एक, आणि तिला पण मोतीबिंदू.

आता माझं ते.

तीन वर्षांपूर्वी पावसात चर्चचं छप्पर गळायला लागलं. काम काढलं, ठेकेदारानं अॅडव्हान्स मागितला, खात्यात तेवढे नव्हते. कमिटीत ठरलं की पाळकसाहेबांचा पगार या महिन्यात जरा मागे ठेवू. कुणी तरी म्हणालं, "पाळकसाहेब समजून घेतील." सगळ्यांनी माना हलवल्या. मी पण. मी, जिनं लहानपणी पप्पांचा पगार उशिरा आला म्हणून एकाच वहीच्या दोन्ही बाजूंनी दोन विषय लिहिलेत, मी तो चेक थांबवला. एक तारखेचा पगार तेवीस तारखेला दिला. त्या बावीस दिवसांत त्यांनी एका शब्दानं विचारलं नाही. मला कसं कळलं? माझ्याच शाळेतल्या एका शिक्षिकेकडून, की त्यांच्या मुलीची व्हॅन बंद झाली होती आणि वहिनी तिला रोज पायी सोडायच्या, छोट्याला कडेवर घेऊन. आणि त्याच महिन्यात कापणीचा सण होता, त्यात या माणसानं उदार मनानं द्या यावर उपदेश केला. मी पहिल्या बाकावर बसून नोट्स घेतल्या होत्या. ती वही अजून आहे माझ्याकडे, उघडत नाही.

समजून घेतील. हे एक वाक्य चर्चच्या भिंतीवरून पुसून टाकायला पाहिजे असं मला आता वाटतं. समजून घेणं हा त्यांचा स्वभाव आहे म्हणून आपण त्याचं बजेट करायचं का?

मम्मीचं यावर वेगळं मत आहे. ती म्हणते पाळकाची नोकरी म्हणजे पगार एकाचा आणि काम दोघांचं. महिला संघ तिनं चालवायचा, संडे स्कूल तिनं बघायचं, बिशप साहेब आले तर वीस माणसांचा स्वयंपाक, आणि पार्सनेजचं स्वयंपाकघर असं की पडदा बदलला तरी मंडळीत चर्चा. तिला कुणीच कधी विचारलं नाही की तुला पाचारण, म्हणजे या सेवेसाठी देवाचं बोलावणं, आहे का. रेव्हरंड नारायण वामन टिळकांची भजनं म्हणत आम्ही मोठे झालो, ख्रिस्ती व्हायच्या आधी काही काळ ते आमच्या नागपुरातच होते, बुटींच्या आश्रयाला, याचा आम्हाला अभिमान वगैरे आहे. पण हातात आलेला पैसा वाटून टाकणाऱ्या त्या माणसाचं घर कसं चालायचं हे लक्ष्मीबाईंनी लिहून ठेवलं म्हणून जगाला कळलं. मम्मीनं ते पुस्तक पार्सनेजमध्ये वाचलं तेव्हा एका पानावर हसत हसत रडली होती, मी लहान होते, मला वाटलं पोटात दुखतंय.

पप्पा टिकले कसे, हे मी त्यांना त्या रात्री विचारलं. मला वाटलं ते प्रार्थना म्हणतील. म्हणाले, "घड्याळं."

ते मला माहीत होतं पण कधी जोडलं नव्हतं. पप्पांकडे एक टिनाचा डबा होता, त्यात भिंग, चिमटे, बारके स्क्रू-ड्रायव्हर. सोमवारी सकाळी ते बंद पडलेली घड्याळं उघडून बसायचे, एचएमटीची, अलार्मची, कुणाच्या लग्नातली. कुणी आलं तरी हात थांबायचा नाही. म्हणायचे, माणूस दुरुस्त झाला का नाही हे कधी कळत नाही, घड्याळ लागलं का नाही ते लगेच कळते. आठवड्यातून एक तरी गोष्ट अशी पाहिजे जी संपते.

मग ते हिस्लॉपवर गेले, ते जातातच, हिस्लॉप कॉलेजचे आहेत ना. स्कॉटलंडचा मिशनरी स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये नागपुरात आला तेव्हा इथे भोसल्यांचं राज्य होतं. जोडीदार म्हणून नंतर रॉबर्ट हंटर आला, तो तब्येत बिघडली म्हणून १८५५ मध्ये परत गेला. हिस्लॉप राहिला. १८६३ च्या सप्टेंबरमध्ये टाकळघाटची शिळावर्तुळं बघायला गेला होता, तिथली शाळा तपासून संध्याकाळी घोड्यावरून बोरीकडे निघाला आणि वाटेतल्या ओढ्याला पूर आलेला होता त्यात बुडाला. सेहेचाळीस पूर्ण व्हायला चार दिवस बाकी होते. त्याच्या नावाचं कॉलेज निघालं १८८३ मध्ये, म्हणजे तो गेल्यावर वीस वर्षांनी. आमच्याकडे प्रत्येक कार्यक्रमात ही गोष्ट सांगतात आणि शेवटी म्हणतात, पाहा, बी पेरा, फळ पुढची पिढी खाईल.

पप्पांना हे आवडत नाही. "मेल्यावर कॉलेज निघते हे काय सांगता तरुण पाळकाला? तो म्हणेल म्हणजे मरू का? हे सांगा ना की तो संध्याकाळी दगड शोधायला जायचा." आणि ते खरंच आहे. हिस्लॉप आणि हंटर दोघं टाकळीकडे आणि नागपूरच्या आसपास हिंडून खडकांतले शंख-शिंपले, झाडापानांचे ठसे गोळा करायचे, नागपूरच्या भूगर्भावर त्यांनी लिहिलेलं आजही भूशास्त्रवाले वाचतात, हिस्लॉपाइट नावाचं खनिजच आहे. गोंडांची भाषा, त्यांच्या कथा, त्यानं उतरवून ठेवल्या, त्याच्या मृत्यूनंतर रिचर्ड टेंपल या इंग्रज अधिकाऱ्यानं छापल्या. यातलं काहीच पाळकपणाच्या कामात मोजलं जाणार नाही. मिशनच्या रिपोर्टमध्ये लिहायला बाप्तिस्म्यांचा आकडा लागतो, शिंपल्यांचा नाही. माझं आपलं मत असं की अठरा वर्षं तो टिकला त्यात त्या शिंपल्यांचा हात असणार, सिद्ध करता येणार नाही, पण या गावात मे महिना काढलेल्या माणसाला पटेल.

पप्पांची अजून एक आठवण. २९ नोव्हेंबर १९७० ला इथे नागपुरात उत्तर भारतातली सहा वेगवेगळी चर्चेस एक होऊन चर्च ऑफ नॉर्थ इंडिया झालं. पप्पा तेव्हा कॉलेजात, स्वयंसेवक, पाण्याचे ग्लास घेऊन फिरत होते. किती वर्षांच्या चर्चेनंतरचा तो दिवस, केवढी भाषणं झाली असतील, पप्पांना एक पण आठवत नाही. त्यांना आठवतो तो मांडवामागे सतरंजीवर कॉलर सैल करून, बूट उशाला घेऊन घोरत पडलेला एक म्हातारा पाळक. कुठल्या तरी दूरच्या गावाहून आलेला. पप्पा म्हणतात मला पाळक व्हावंसं वाटलं त्यात तो माणूस पण आहे, कारण तोवर मला वाटायचं पाळक झोपत नाहीत.

आमचे पाळकसाहेब उठून गॅलरीत आले तेव्हा हेच चाललं होतं. डोळे सुजलेले, केस उभे. त्यांनी विचारलं, साहेब, मग प्रार्थनेचं काय करू? पप्पा म्हणाले, "काही करू नका. महिनाभर दुसऱ्यांना करू द्या तुमच्यासाठी. तुम्ही नुसते बसा. देव काही हजेरी घेत नाही." आणि मग जुन्या करारातला मोशे आणि त्याचा सासरा इथ्रो यांचं सांगितलं, की सकाळपासून रात्रीपर्यंत मोशे एकटा बसून लोकांचे निवाडे करायचा, सासरा आला, बघितलं आणि म्हणाला, असं केलंस तर तू झिजशील आणि लोकं पण झिजतील, दहा-दहा, पन्नास-पन्नास जणांवर माणसं नेम. "सासऱ्यानं सांगितलं म्हणून मोशेनं ऐकलं. कमिटीनं सांगितलं असतं तर अरण्यात फूट पडली असती." त्यावर पाळकसाहेब हसले. त्या दिवसातलं पहिलं हसणं.

आता यानंतर सगळं छान झालं असं नाही. प्रार्थना यायला त्यांना बरेच महिने लागले, आणि आली ती आधीसारखी नाही, ते म्हणतात जरा आखूड झाली. कमिटीत मी दोन गोष्टी मांडल्या. एक, पगार एक तारखेला बँकेतून आपोआप जाईल, स्टँडिंग इन्स्ट्रक्शन, कुणाच्या सहीची वाट बघायची नाही, छप्पर गळो का भिंत पडो. ही पास झाली, बहुतेक माझ्या चेहऱ्याकडे बघून. दुसरी, सोमवार सुट्टी, त्या दिवशी पाळकसाहेबांच्या नंबरवर आलेला फोन सेक्रेटरींच्या मोबाइलवर जाईल. यावर दीड तास भांडण. पाळकाला कसली सुट्टी बाप्पा, मेंढरांना सुट्टी असते का? सोमवारी कोणी गेलं तर? मी म्हटलं, कोणी गेलं तर ते येतीलच, तुम्हाला पण माहीत आहे येतील, फक्त दाखल्यावरची सही मंगळवारी मिळेल. एका ज्येष्ठांनी निषेध म्हणून चहा घेतला नाही. पुढच्या सोमवारी त्यांनीच सेक्रेटरींना तीन फोन केले, आणि सेक्रेटरी संध्याकाळी मला म्हणाले, "ताई, हे रोज असंच असते का हो?"

पण आमची मंडळी जुनी आहे, कमिटी आहे, भांडायला तरी जागा आहे. नागपूरच्या कडेकडेनं, कळमन्याकडे, नारीकडे, बुटीबोरीच्या कामगारांत, जे स्वतंत्र सेवक आहेत, म्हणजे कुठल्या मोठ्या चर्चशी न जोडलेले पाळक, त्यांना तेवढं पण नाही. दिवसा ऑटो चालवायचा, रात्री भाड्याच्या खोलीत वीस माणसांची उपासना. पेन्शन नाही, पीएफ नाही, बदली नाही, आजारी पडला तर त्या रविवारी उपासनाच नाही. आणि आताशा भीती. घरात दहा माणसं प्रार्थनेला बसली तर एकानं दारात उभं राहून रस्त्याकडे बघायचं. यावर मला जास्त लिहिता येत नाही, ज्यांच्या अंगावर येतं त्यांनी लिहावं. त्यातला एक ऑटोवाला सेवक पप्पांकडे येतो, घड्याळ घेऊन आला होता पहिल्यांदा. तो म्हणाला, साहेब, मला सगळे विचारतात तुमच्याकडे किती येतात. किती येतात, किती बाप्तिस्मे झाले. बायकोला ताप आहे हे मी कुणाला सांगू?

त्यावरून डिसेंबरच्या आधी, थंडी पडल्या पडल्या, पप्पांनी एक प्रोग्राम केला. काटोल रोडला एका ओळखीच्यांच्या शेतावर सात सेवक बोलावले, वेगवेगळ्या चर्चचे, एरवी एकमेकांच्या मंडळीतली माणसं पळवतात म्हणून तोंड न बघणारे दोघं पण त्यात. बायकांनी फक्त यायचं होतं, हात लावायचा नव्हता. वांग्याची भाजी, वरण, आणि गोवऱ्यांत रोडगे, आणि रोडगे भाजले आमच्यासारख्या मंडळीतल्या लोकांनी, अर्धे करपले. पप्पांनी एकच नियम केला, आकडा सांगायचा नाही. कुणी "आमच्याकडे मागच्या रविवारी" म्हणून सुरू केलं की पप्पा चमचा ताटावर वाजवायचे. पहिल्या तासाला इतक्या वेळा वाजला की ताटाला पोचा आला. मग हळूहळू माणसं दुसरं बोलायला लागली, गुडघ्याचं, मुलाच्या फीचं, एक जण म्हणाला मला उपदेशाच्या आधी अजून पोटात गोळा येतो, बावीस वर्षं झाली, तर बाकी सगळे म्हणाले मला पण. जेवून चौघं जण तिथेच निंबाखाली आडवे झाले. कुणी उठवलं नाही.

परवा सोमवारी सकाळी मी सदरला एका ठेल्यावर तर्री-पोहे घ्यायला थांबले तर तिथे आमचे पाळकसाहेब. हाफ पँट, पायात फुटबॉलचे चिखलानं भरलेले बूट, पाच-सहा पोट्ट्यांच्या घोळक्यात, तोंड तर्रीनं लाल. मंडळीतले एक अंकल बाजूला उभे होते, त्यांनी वरून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाले, "पाळकसाहेब, हे काय? आणि ते माझ्या नातीच्या दाखल्याचं..."

पाळकसाहेबांनी तोंडातला घास संपवला. "अंकल, आज सोमवार आहे," म्हणाले, आणि ठेलेवाल्याला म्हणाले, "भाऊ, अंकलसाठी एक प्लेट लाव, तर्री जास्त."